पिशवी काढली असेल तर हाडांकडे आधी लक्ष द्या

मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं, खाटेवरून उतरताना पडून खुबा मोडला. अशा घटना गावोगाव घडतात आणि 'वय झालं' म्हणून विषय संपतो. खरं तर हाड आतून आधीच पोकळ, ठिसूळ झालेलं असतं. यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे बाईला पत्ता लागत नाही. गुडघेदुखी ही वेगळी गोष्ट, ती बहुतेक वेळा सांध्याची झीज असते.

साधारण तिशीपर्यंत हाडांत भर पडते. पुढे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची झीज रोखून धरतं. पाळी गेली की ते घटतं आणि त्यानंतरच्या ५ ते ७ वर्षांत हाडं सर्वात वेगाने झिजतात. पाळी बहुतेक बायकांची ४५ ते ५० च्या आसपास जाते. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर हीच झीज तिशी-पस्तिशीतच सुरू होते. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता असते.

आपल्या भागात हा प्रश्न लहान नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढल्याचं त्यात आढळलं. त्यात अनेकजणी तरुण. ऑपरेशननंतर पुन्हा कोयता, डोक्यावर मोळी; हाडांचं कुणी विचारलंच नाही.

म्हणून ऑपरेशन झालेल्यांनी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशयं काढली का, हे डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. काढली असतील आणि वय ४५ च्या आत असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवावं. संप्रेरकांचं औषध द्यायचं का, ते तेच ठरवतील. ऑपरेशन अजून झालं नसेल तर घाई करू नये. नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते, त्यावर औषधं आहेत. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याने काही बिघडत नाही.

ताटात काय हवं

बाईला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते ३० सुद्धा नसतं, नाचणीत मात्र साडेतीनशेच्या आसपास. म्हणून ज्वारीच्या पिठात नाचणी मिसळावी, किंवा सकाळी आंबील घ्यावी. दोन चमचे तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, सुकट हेही चांगलं. आणि दूध. गोठ्यात दोन म्हशी असून सगळं दूध डेअरीला जातं, घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं. एक पेला तिच्यासाठी बाजूला काढायला हवा.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात, बाळंतपणानंतर ६ महिने त्या चालू ठेवायच्या. लोहाची गोळी आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातून मिळतं. शेतात दिवसभर राबूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल असेल तर ऊन कातडीला लागतच नाही. दुपारी थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवावेत. मिसरी मात्र सोडावीच, तंबाखूने हाडं झिजतात.

सांधेदुखीवर कुणी पुडीत बांधून बिननावाच्या गोळ्या देत असेल तर सावध राहा. अशा गोळ्यांत स्टिरॉइड असू शकतं. दुखणं लगेच थांबतं खरं, पण महिनोन्‌महिने घेतल्यास हाडं पोखरली जातात. मात्र बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

उंची कमी झाली, पाठीला बाक आला किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं, तर डेक्सा तपासणी करून घ्यावी. अहवालात टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून जो आकडा सांगतात, तो फक्त अंदाज असतो. त्यावर महागडी औषधं विकत घेऊ नयेत.