‘कमवा आणि शिका’ : श्रमातून आलेला आत्मविश्वास

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या प्रगतीत त्याच्या जिद्दीचा आणि स्वतःविषयीच्या धारणेचा मोठा वाटा असतो. महाराष्ट्रात या विचाराला ठोस रूप दिले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामाची वाटणी करून घेत. वसतिगृह चालवताना पैशांची चणचण भासे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिनेही विकले.

1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणात रुजली. विद्यार्थी शेतात राबत, कष्टाची कामे करत आणि त्या बदल्यात शिकत. या पद्धतीचा लाभ केवळ आर्थिक नव्हता. दान घेऊन शिकणाऱ्याच्या मनात मिंधेपणा राहू शकतो; स्वकष्टाने शिकणारा शिक्षणाला आपला हक्क मानतो. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांसाठी हा आत्मसन्मान पुस्तकांइतकाच गरजेचा होता.

पुढे विद्यापीठांनीही ही योजना स्वीकारली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती आज कर्मवीरांच्याच नावाने चालते.