विद्यार्थ्यांचा मितव्यय : काल आणि आज

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं अन्न, पाणी, कपडा, कागद या वस्तु जपून वापराव्यात, असा उपदेश हल्लीं पुष्कळ ऐकूं येतो. उपदेश खोटा नाहीं. परंतु तो नवाहि नाहीं. महाराष्ट्रांत उच्च शिक्षण सुरू झालें तेव्हांपासून विद्यार्थ्याच्या राहणीचा प्रश्न त्याच्याबरोबर चालत आला आहे. त्या इतिहासाकडे आज थोडें वळून पाहूं, आणि मितव्ययाची संवय कशानें लागते व कशानें सुटते याचा विचार करूं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. रत्नागिरींत महाविद्यालय निघावयास मात्र १९४५ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत येथल्या मुलाला बी. ए. व्हावयाचें असेल तर त्यानें आगबोटीनें मुंबई गांठावी, किंवा घाट चढून पुण्याचा अगर कोल्हापूरचा रस्ता धरावा. घरून येणारी मनिऑर्डर हीच त्याची मिळकत. आणि तीहि पुष्कळांच्या नशिबीं नसे.

आपल्याच जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं १८६६ सालीं जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचें उदाहरण घ्या. १८७९ सालीं त्यांचे वडील वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत, आणि उरलेल्या सात रुपयांत साऱ्या कुटुंबाचा संसार चाले. गोपाळरावांनीं रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास केला, ही गोष्ट आपण मुलांना नेहमीं सांगतों. पण तिचें मर्म दिव्यांत नाहीं, त्या सात रुपयांत आहे. आपण अधिक तेल जाळलें तर तें कोणाच्या ताटांतून जाईल, हें त्या मुलाला नेमकें ठाऊक होतें. पुढें १९०२ सालीं याच गृहस्थांनीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें, आणि शिलकीच्या आंकड्यांमागें करांनीं पिळलेली रयत उभी आहे हें सरकारला दाखवून दिलें. मिठावरील कर १९०३ सालीं कमी झाला. खर्चाच्या पाठीमागचा माणूस पाहण्याची दृष्टि त्यांना विद्यार्थिदशेंतच आली असावी, असें मला वाटतें.

आगरकरांविषयींहि असेंच सांगतात. डेक्कन कॉलेजांत असतांना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं तोच अंगांत घालावयाचा.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. दारिद्र्यानें लादलेली काटकसर सद्गुण म्हणून मिरविणें हा अन्याय आहे. वार लावून जेवणारा किंवा माधुकरी मागणारा मुलगा पानांत शीतहि टाकीत नसे, कारण वाढणारी माउली त्याच्या समोर उभी असे. हें खरें, पण तें दार मुख्यतः ब्राह्मणांच्या मुलांपुरतेंच उघडें होतें. इतर जातींच्या मुलांना शहरांत ना वार, ना बिऱ्हाड. ही उणीव ओळखूनच राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारण्यास हात घातला. सबब, जुन्या हालअपेष्टांचे पोवाडे गाऊन आजच्या मुलांना लाजविण्यांत अर्थ नाहीं.

गरज नसतांहि संयम पाळावयाचा, तर त्याला कांहीं ध्येय लागतें. १९०५ सालीं वंगभंगाच्या वेळीं तें ध्येय स्वदेशीनें दिलें. पुण्यांत परदेशी कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर त्यांत पुढें होते. त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहहि सोडावें लागलें. कपडे जाळावे कीं न जाळावे याविषयीं मतभेद तेव्हांहि होते. परंतु अंगांतला सदरा कोणी विणला आणि त्याचा पैसा कोठें गेला, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या ओठीं त्या वर्षीं आला, ही गोष्ट लहान नव्हे.

व्रताची अडचण ही, कीं ऊर्मि ओसरली म्हणजे तें ढिलें पडतें. म्हणून तिसरा मार्ग सर्वांत टिकाऊ ठरला. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. त्याला १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें शाहू बोर्डिंग हाउस हें नांव मिळालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि मिळेल तें अंगमेहनतीचें काम करीत. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिनेहि विकले. ज्यानें स्वतः पाणी भरलें, त्याला पाणी जपून वापरा असें सांगावें लागत नाहीं. साताऱ्याचें शिवाजी कॉलेज १९४७ सालीं निघालें, तेंहि याच ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. आणि पुढें विद्यापीठांनींहि तें तत्त्व उचललें.

या तिन्ही काळांत एक सूत्र आहे. भोगलेल्या वस्तूच्या मागचें माणूस ज्याला दिसतें, तो ती उधळीत नाहीं. आज तें माणूस दिसेनासें झालें आहे. खानावळीचे पैसे महिन्याचे एकदम भरले जातात. ताटांत टाकलेली भाजी कोणी निवडली हें कळत नाहीं. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण जांभ्या दगडांतून पाणी झिरपून समुद्रास मिळतें, आणि वैशाखांत याच जिल्ह्यांतील कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. वसतिगृहांतला नळ मात्र तें सांगत नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर व एकदांच वापरून फेंकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तरी त्या बाजारांतून गेल्या नाहींत. कायदा वस्तु अडवूं शकतो. दृष्टि देऊं शकत नाहीं.

तेव्हां उपाय उपदेशाचा नव्हे, दाखविण्याचा आहे. प्रत्येक वसतिगृहांत रोज रात्रीं उष्ट्या अन्नाचें वजन करून तें फळ्यावर लिहावें. विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें वाढावें आणि भांडीं घांसावीं. मुलगे व मुली, श्रीमंत व गरीब, कोणासहि सूट नको. पाण्याचा रोजचा खर्च मोजून दारांत मांडावा. वरच्या वर्गांतल्यांचीं पुस्तकें खालच्यांनीं निम्म्या किंमतींत घ्यावयाची जुनी चाल महाविद्यालयानें स्वतः चालवावी. उन्हाळ्यांत एक दिवस टँकरच्या वाडीवर पाणी वाटावयास जावें.

या कामांना मोठी देणगी लागत नाहीं. लागतो तो नियमितपणा. गोविंदरावांच्या सात रुपयांचा हिशेब गोपाळरावांना तोंडपाठ होता. आपल्या वाट्याच्या सात रुपयांत कोण संसार चालवीत आहे, एवढें जरी आजच्या विद्यार्थ्याला कळलें, तरी पुढचें शहाणपण त्याचें तोच शिकेल.