मोगऱ्याच्या कुंडीतली प्रवासिनी

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे अकोल्याला गेलो होतो. विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं अकोले. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. आत्याने लग्न केलं नाही, मास्तरकी करून एकटीने घर उभं केलं. निघताना तिने मोगऱ्याची कुंडी दिली. ती एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला आलो.

घरी माती उकरली तर गांडुळासारखं काळं, चकचकीत काहीतरी वळवळलं. पण गांडूळ जीभ काढत नाही. याने काढली.

"अहो, वाळा! कानात शिरतो मेला!" आमच्या सौ. खुर्चीवर चढल्या. मी पुरुषार्थाला जागून चप्पल उचलली आणि एका फटक्यात काम उरकलं. साप वीतभरही नव्हता.

मग पुस्तकं उघडली. आधीच उघडायला हवी होती, पण चपलेला वाचनाची आवड नसते.

वाळ्याला विष नाही. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके. उजेड-अंधार कळला तर कळला. खाणं मुंग्यांची नि वाळवीची अंडी, अळ्या. कानात त्याला काय मिळणार? माझ्या कानात तर सौ.चं बोलणंही शिरत नाही.

इतिहास मात्र खानदानी! पॅट्रिक रसेल हे स्कॉटिश डॉक्टर विशाखापट्टणला कंपनीच्या नोकरीत साप गोळा करीत. १७९६ साली लंडनला निघालेल्या त्यांच्या ग्रंथात याचं चित्र आलं. त्यावरून १८०३ साली दोदँ या फ्रेंच पंडिताने बारसं केलं : 'ब्रामिनस'. दोदँ लहानपणच्या आजाराने पायांनी अधू. त्यांनी नाव दिलेला हा बिनपायाचा जीव मात्र कुंड्यांच्या मातीत बसून आफ्रिका, हवाई, फ्लोरिडापर्यंत पोचला.

जोडीदाराशिवाय! कारण या जातीत सगळ्या माद्याच. एकटी मादी अंडी घालते आणि लेकी हुबेहूब आईसारख्या. नाव ब्रामिनस, पण मुंज करावी असा मुलगा घराण्यात आजवर सापडलेला नाही. एक बाई पोचली की वसाहत उभी. कंपनीला त्यासाठी फौजा लागल्या.

म्हणजे मी मारली ती अकोल्याहून एकटीच निघालेली बाई. रात्री झोप लागेना. सकाळी आत्याला फोन केला.

"मारलास? अरे, वाळवी खायचा तो. मी मुद्दाम राहू दिला होता त्याला." थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माती फार उकरू नकोस आता. अंडी असतील."

तेव्हापासून कुंडीला पाणी घालताना मी चपला दाराबाहेर ठेवतो.