मोडलेला खुबा आणि अंथरुणाचे भय

‘पडले आणि अंथरूण धरले’ हे वाक्य आपल्या जुन्या घरांतून ज्या स्वरात उच्चारले जाई, तो स्वरच पुढचे सारे सांगून जात असे. वृद्धाचे हाड खुब्यापाशी मोडले की आयुष्याची अखेर जवळ आली, ही समजूत शतकानुशतके बहुतांशी खरी ठरत होती. ती खोटी कशी ठरू लागली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी 1822 साली या अस्थिभंगाचे दोन प्रकार वेगळे केले. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलेले हाड रक्तपुरवठा तुटल्याने सहसा जुळत नाही; आवरणाबाहेर मोडलेले जुळते. मग या दुसऱ्या प्रकारात चिंता कसली? चिंता होती काळाची. पायाला वजन बांधून दोन-तीन महिने उताणे पडून राहायचे, हाच उपचार. तेवढ्यात पाठीला शय्याव्रण होत, छातीत कफ साचे, पायातील रक्त गोठे. हाड जुळे, माणूस मात्र हातचा जाई.

म्हणून हाड आतून धातूने धरण्याचे प्रयत्न सुरू झाले. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी 1925 मध्ये आवरणाच्या आतील अस्थिभंगासाठी तीन पात्यांचा खिळा वापरला. 1941 मध्ये ज्युएट यांनी खिळा व पट्टी एकसंध करून तो उपाय आवरणाबाहेरील अस्थिभंगापर्यंत नेला. पण हाडाचे तुकडे दबत गेले की ताठर खिळ्याचे टोक खुब्याचा गोळा भेदून सांध्यात शिरे.

असे का होते, याचे मर्म ब्रिटिश शल्यविशारद इव्हान्स यांनी 1949 साली उलगडले. हाडाची आतली बाजू पुन्हा नीट टेकली तर अस्थिभंग स्थिर. तिचा चुरा झाला असेल तर अस्थिर. पुढील वाद प्रामुख्याने या अस्थिर प्रकाराभोवती फिरला.

1950 च्या दशकात सरकता स्क्रू आला. हाड दबले तर स्क्रू पट्टीच्या नळीत मागे सरके आणि गोळा बचावे. मात्र फार अस्थिर हाड इतके सरके की पाय आखूड होई. जर्मनीत क्युन्टशर यांनी 1940 च्या सुमारास हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची रीत रूढ केली होती. तिचाच आधार घेऊन 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘गॅमा’ सळई आली. भार हाडाच्या मध्याजवळून जात असल्याने तरफ आखूड होते, हा तिचा गुण; सुरुवातीच्या सळयांच्या टोकापाशी हाड नव्याने मोडे, हा दोष. पुढे रचना सुधारल्यावर तो बराच कमी झाला. काही शल्यविशारद निवडक रुग्णांत कृत्रिम सांधाच बसवतात. त्यावर लगेच भार देता येतो, पण शस्त्रक्रिया मोठी असते.

अनेक देशांतील चाचण्यांत स्क्रू-पट्टी आणि सळई यांनंतरचे मृत्यूचे प्रमाण व चालण्याची क्षमता सर्वसाधारणपणे सारखीच आढळली. बाहेरची भिंत फुटलेल्या किंवा उलट तिरक्या मोडीत मात्र सळईकडे कल आहे.

साधनांचा वाद असा बरोबरीत राहिला, तरी एका गोष्टीवर एकमत झाले. इंग्लंडमधील 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनी शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करावे, असे सांगितले. ‘या वयात कशाला चिरफाड?’ असे आपण मायेने म्हणतो. परंतु दोनशे वर्षांचा हा इतिहास सांगतो, की वृद्धाचा खरा वैरी शस्त्र नव्हे, अंथरूण आहे.