पाथफाइंडर : रेडिएटर फुटला, गिअरबॉक्स गेला

निस्सान कंपनीच्या 'पाथफाइंडर' या एसयूव्हीच्या २००५ ते २०१० या मॉडेलांबाबत अमेरिकेतील मालकांनी अनेक तक्रारी केल्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर या गाड्यांत रेडिएटरच्या आतच बसविलेला होता. त्याला तडा गेल्यास कूलंट तेलात मिसळून गिअरबॉक्सचे क्लच खराब होत. गाडीला हादरे बसत आणि अखेर गिअरबॉक्सच निकामी होई. २०१० मध्ये कंपनीने रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढविली. पुढे सामूहिक दाव्यातील तडजोडीने आणखी काही मालकांना अंशतः दिलासा मिळाला. २००५ ते २००७ च्या गाड्यांत इंजिनाच्या टायमिंग चेनचे टेन्शनर झिजल्याच्याही तक्रारी होत्या. अशी जुनी गाडी घेताना गिअरबॉक्सचे तेल तपासावे. ते गुलाबी व दुधाळ दिसल्यास कूलंट मिसळले आहे, असे समजावे.