बट्ट्याचा रुपया

‘नावाला बट्टा लागणे’, ‘वाजवून घेणे’, ‘हिणकस’ हे मराठीतील शब्दप्रयोग आज माणसांविषयी आणि त्यांच्या कर्तृत्वाविषयी वापरले जातात. त्यांचे मूळ मात्र सराफाच्या पेढीवर आहे. चांदीत मिसळलेली हलकी धातू म्हणजे हीण, कसोटीच्या दगडावर कमी उतरलेले नाणे हिणकस, आणि त्यापोटी दर्शनी किमतीतून कापली जाणारी रक्कम म्हणजे बट्टा.

१७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले आणि जबलपूर त्यांच्या अमलाखाली आले. पुढे १७९८ च्या सुमारास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला. सागरच्या टांकसाळीत रुपया पडे तो बादशहा शाह आलमच्या नावाने. सत्ता मराठ्यांची, नाव मोगलांचे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात एकत्र फिरत, परंतु सर्वांतील चांदी सारखी नसे. त्यामुळे रुपये मोजण्याआधी पारखावे लागत. सराफ नाण्याचा नाद ऐके, कस पाही आणि अनेकदा त्यावर आपला ठसा उमटवी.

चांदी कमी होण्याचे कारण लोभाइतकेच व्यवस्थेतही होते. पेशवाईत अनेक टांकसाळी परवान्यावर खाजगी व्यक्तींच्या हाती असत. रुपयातील चांदी किंचित घटवली, तरी हजारो नाण्यांमागे मोठा नफा होई. मग लोक चोख रुपया जपून ठेवत किंवा आटवून टाकत आणि हिणकस तेवढा व्यवहारात फिरत राही. थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६५ साली, धारवाड भागातील २१ टांकसाळी बंद करून एकच मध्यवर्ती टांकसाळ उभारण्यात आली, ती हा रोग आटोक्यात आणण्यासाठीच.

या सर्वांचा भार अखेर कुणबी सोशी. धान्य विकून हाती आलेला हलका रुपया सारा भरताना बट्टा कापूनच स्वीकारला जाई. सराफाला जे कळे ते त्याला कळत नसे, आणि त्या अज्ञानाची किंमत तो दर हंगामात मोजत असे.

डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. जुनी नाणी हळूहळू मागे पडली. रुपया पारखण्याऐवजी मोजता येऊ लागला, ही सोय मोठी होती. पण त्या रुपयावर आता विलायतेच्या राजाची मुद्रा होती. नाण्याचा कस सुधारला, तेव्हा राज्य आपले राहिले नव्हते.