तंगूस आणि भाऊकाकांचा पाय

गेल्या मे महिन्यात मालवणला गेलो होतो. भाऊकाका पडवीत बसून जाळं शिवत होते. रापणीला जाणं बंद झालंय, पण हात काही गप्प बसत नाहीत. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. खडकावरचं कालव लागलं म्हणे, तेही तीन आठवड्यांपूर्वी! वर हळद आणि खोबरेल. काकांचा डायबेटिस पंधरा वर्षं जुना. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "अरे, दुखणा नाय तर डॉक्टराकडे कित्याक जावचा?"

शेवटी जवळजवळ ओढूनच नेलं. डॉक्टरांनी एक नायलॉनचा धागा काढला. अगदी आपला मासेमारीचा तंगूस! तो तळव्याला टेकवून विचारलं, "लागतंय?" काका म्हणाले, "लावा तरी आधी!" धागा तर केव्हाच वाकला होता...

परत आल्यावर या धाग्याचा इतिहास शोधत बसलो (सवय!), तर थेट कुष्ठरोगापर्यंत पोचलो.

डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले इंग्रज सर्जन. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात, असा तेव्हा सगळ्यांचा समज. ब्रँडनी बारकाईने पाहिलं. रात्री उंदीर बोटं कुरतडायचे तरी रुग्णाला जाग येत नसे. मग त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली! निष्कर्ष साधा होता: मांस सडत नाही, वेदना गेलेली असते. आपण नकळत लंगडतो आणि जखमेवरचा भार काढून घेतो. हे लोक जखमेवरच चालत राहतात. म्हणून त्यांनी पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घातलं, भार सगळ्या तळव्यावर पसरला आणि जखमा भरू लागल्या.

१९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे लक्षात आलं, की मधुमेहींचे पायही असेच बधिर होतात. तेच प्लास्टर, तीच मऊ पादत्राणं त्यांनाही लागू पडली. १९८६ मध्ये कारव्हिलच्याच संशोधकांनी दाखवलं, की १० ग्रॅम दाबाला वाकणारा धागा ज्याला जाणवत नाही, त्याच्या पायाला धोका आहे. हाच तो काकांचा तंगूस.

आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय, पण अलर्ट बंद! त्यात वाढलेल्या साखरेने रक्तवाहिन्या अरुंद होतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. मग जखम भरणार कशी? १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, माणसं जगू लागली, आणि जास्त वर्षं जगल्यामुळे हे पाय जास्त दिसू लागले.

काकांच्या हाडापर्यंत जंतू पोचले होते. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. आता ते घरातसुद्धा चप्पल घालतात, आणि रोज रात्री काकू आरसा धरून तळवा दाखवते.

असो. आज घरी फोन कराल तेव्हा "पाय दुखतोय का?" असं विचारू नका. "तळवा बघितलात का?" असं विचारा.